आत्महत्येच्या प्रयत्नानंतरचा रुग्ण आणि वैद्याची पुनर्भेट

शोधनकर्म यथासांग पार पडले म्हणून आपण रुग्णाला त्याच दिवशी नेहमीच्या आहारावर सोडत नाही. पेया, विलेपी, यूष, मांसरस या क्रमाने, शुद्धीच्या प्रमाणानुसार तीन, पाच अथवा सात दिवस त्याला सांभाळतो. कर्म कितीही उत्तम झाले असले, तरी त्यानंतरचा अग्नी दुर्बल असतो आणि या काळातील हेळसांड महाग पडते, हे संसर्जनक्रमाचे मर्म प्रत्येक वैद्याला ठाऊक आहे. मोठ्या संकटातून बाहेर पडलेल्या देहाविषयी आपण बाळगतो तो विवेक, तशाच संकटातून बाहेर पडलेल्या मनाविषयी आपण कितपत बाळगतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. येथे आमच्यासमोर आहे तो आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचून घरी परतलेला रुग्ण.

विषय अप्रिय आहे. पुष्कळ व्यवसायबंधू तो आपला नव्हे असे मानतात. तो आपला कसा आहे आणि त्यात आपल्या हातून नेमके काय होण्यासारखे आहे, एवढेच सांगण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रश्नाचे स्वरूप

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार सन २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ व्यक्तींचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यांपैकी २२,७४६ मृत्यू एकट्या महाराष्ट्रातील होते आणि हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. हे झाले मृत्यूंचे आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे अशा प्रत्येक मृत्यूमागे वीसहून अधिक प्रयत्न झालेले असतात. म्हणजेच प्रयत्नातून वाचलेली माणसे गावोगावी, पेठोपेठी आपल्यामध्ये वावरत आहेत. पुढे आत्महत्येने मृत्यू होण्याचा धोका ज्या कारणांवरून ओळखता येतो, त्यांत पूर्वी केलेला प्रयत्न हे सर्वांत महत्त्वाचे कारण मानले जाते. रुग्णालयातून घरी परतल्यानंतरचे पहिले आठवडे आणि पहिले काही महिने त्यात विशेष धोक्याचे असतात.

याचा अर्थ प्रत्येक रुग्ण पुन्हा तोच मार्ग धरतो असा मात्र नव्हे. बहुसंख्य रुग्ण पुढे आपले आयुष्य जगतात. परंतु ज्यांना आधाराची गरज आहे ते कोण, हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. म्हणून आधार सर्वांनाच द्यावा लागतो.

हा रुग्ण आपल्याकडे केव्हा येतो

अत्यवस्थ रुग्ण आपल्याकडे येत नाही आणि येऊही नये. कोल्हापूर जिल्ह्यात अशा रुग्णाला बहुधा सीपीआर रुग्णालयात अथवा जवळच्या अतिदक्षता विभागात नेले जाते. तेथे जीव वाचतो, वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते, पोलीस जबाब घेतात आणि काही दिवसांनी रुग्ण घरी येतो. आपला संबंध त्यानंतर सुरू होतो.

शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरीकडचा एखादा शेतकरी, इचलकरंजीतील एखादा यंत्रमाग कामगार, शिकणारा मुलगा किंवा नुकतीच लग्न होऊन आलेली सून, नातेवाइकांसह दवाखान्यात येते. तक्रार असते अन्नद्वेषाची, पोटातील जळजळीची, अशक्तपणाची, झोप नसल्याची. "मध्यंतरी पोट बिघडलं होतं, चार दिवस ॲडमिट होतो," एवढेच सांगितले जाते. सोबतच्या माणसाची नजर चुकवणे, रुग्णाने स्वतः काहीच न बोलणे आणि डिस्चार्ज कार्ड घरी राहिल्याचे कारण या तीन गोष्टी एकत्र दिसल्या, की अनुभवी वैद्याला काय ते समजते.

घरच्या लोकांना मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्याची भीती वाटते; गावात बोभाटा होईल, मुलीचे लग्न अडेल असे वाटते. वैद्याकडे जाण्याला मात्र असा कोणताही डाग लागत नाही. "ताकदीचं औषध आणायला गेलो होतो" असे कोणालाही उजळ माथ्याने सांगता येते. ज्या रुग्णाने तज्ज्ञाकडची पुढची तारीख चुकवली आहे, तो आपल्या बाकावर बसलेला असतो. म्हणून या विषयात आपला संबंध येतो, आपण तो मानो अथवा न मानो.

संशोधन काय सांगते

प्रयत्नानंतर रुग्णाशी केवळ संपर्क ठेवल्याने काही साध्य होते का, हा प्रश्न अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे डॉ. जेरोम मोटो यांनी प्रथम पद्धतशीरपणे तपासला. सन १९६९ नंतरच्या काही वर्षांत, नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेल्या व पुढील उपचार नाकारलेल्या ८४३ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला पाच वर्षे अधूनमधून छोटी पत्रे पाठवली. दुसऱ्या गटाला काहीच पाठवले नाही. पत्रात उपदेश नव्हता, उपचाराला येण्याचा आग्रह नव्हता. आपली आठवण आहे, आपले बरे चालले असेल अशी आशा आहे, वाटल्यास चार ओळी लिहाव्यात, एवढाच आशय असे. पत्रे मिळालेल्या गटात आत्महत्येने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण कमी राहिले आणि पहिल्या दोन वर्षांत हा फरक ठळक होता. या अभ्यासाचा सविस्तर वृत्तान्त २००१ साली प्रसिद्ध झाला.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचा अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेचा आहे, कारण त्यातील एक केंद्र आपल्याच देशात, चेन्नई येथे होते. तेथील कामात १९८६ मध्ये 'स्नेहा' ही संस्था स्थापन करणाऱ्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांचा प्रमुख सहभाग होता. इतर केंद्रे ब्राझील, श्रीलंका, इराण आणि चीन येथील होती. प्रयत्नानंतर तातडीच्या विभागात आलेल्या १,८६७ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला तेथील प्रचलित उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्याखेरीज दोन गोष्टी मिळाल्या. रुग्णालय सोडण्याच्या सुमारास एक तास बसून शांतपणे केलेली समजूत ही पहिली. आणि पुढील अठरा महिन्यांत ठरलेल्या तारखांना नऊ वेळा फोनने किंवा प्रत्यक्ष भेटून केलेली विचारपूस ही दुसरी. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अठरा महिन्यांअखेर प्रचलित उपचारांच्या गटात २.२ टक्के रुग्णांचा आत्महत्येने मृत्यू झाला होता; संपर्क ठेवलेल्या गटात हे प्रमाण ०.२ टक्के होते. हजार रुग्णांत बावीस आणि हजार रुग्णांत दोन, असा हा फरक आहे. त्यासाठी कोणतेही महागडे औषध अथवा यंत्र लागलेले नाही.

सर्वच प्रयोगांना असे यश आले, असे मात्र समजू नये. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथे वर्षभरात आठ पोस्टकार्डे पाठवल्यावर पुन्हा प्रयत्न करणाऱ्या माणसांची संख्या लक्षणीय घटली नाही, परंतु एकंदर प्रयत्नांची संख्या सुमारे निम्म्यावर आली. इराणमध्ये तेहरान येथे अशाच पोस्टकार्डांचा चांगला उपयोग दिसला, तर न्यूझीलंडमधील प्रयोगात तसा स्पष्ट लाभ आढळला नाही. नुसता कागद पाठवण्यापेक्षा, आधी समोर बसून झालेले बोलणे आणि त्यानंतर ओळखीच्या माणसाने ठरल्याप्रमाणे केलेली विचारपूस यांचा आधार अधिक भक्कम आहे, असे या सर्वांतून आम्हांस वाटते.

गावपातळीवर असे काम तज्ज्ञेतर माणसे करू शकतात काय, याचे उत्तर आपल्याच राज्यात आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत राबवलेल्या 'विश्राम' या उपक्रमात स्थानिक प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नैराश्याच्या रुग्णांशी संवाद साधला. उपचारापर्यंत पोहोचणाऱ्या रुग्णांचे प्रमाण त्यामुळे सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मधील अहवालात नमूद आहे. हा उपक्रम प्रयत्नानंतरच्या रुग्णांपुरता नव्हता. परंतु ओळखीचा माणूस मधला दुवा झाला, तर रुग्ण उपचारापर्यंत येतो, एवढे त्यावरून दिसते.

शास्त्राची बैठक

चरकाचार्यांनी सांगितलेल्या त्रिविध औषधांत दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीने सत्त्वावजय येते. मनाला अहितकर विषयांपासून आवरणे असा त्याचा अर्थ आपण परीक्षेपुरता पाठ करतो आणि व्यवसायात युक्तिव्यपाश्रयापलीकडे सहसा जात नाही. मानसरोगांच्या चिकित्सेत आश्वासनाला स्थान आहे. वैद्यवृत्तीच्या वर्णनात आर्त रुग्णाविषयी मैत्री आणि कारुण्य ही अंगे प्रथम येतात. चिकित्सेच्या चतुष्पादांत उपस्थाता हा स्वतंत्र पाद मानला आहे. रुग्णाजवळ असणारे, त्याच्याविषयी अनुराग असणारे माणूस हा उपचाराचाच भाग होय, ही दृष्टी आपल्याकडे फार जुनी आहे.

आधुनिक अभ्यासांचे सर्व निष्कर्ष आपल्या संहितांत आधीच होते, असा दावा आम्ही करीत नाही. ठरलेल्या तारखांना विचारपूस केल्याने मृत्यू टळतात, हे मोजून दाखवले ते आजच्या संशोधकांनीच. आपल्याकडे त्यासाठी लागणारी वृत्ती आणि रुग्णाचा विश्वास आहे. उणीव आहे ती तारखा लिहून ठेवण्याच्या शिस्तीची.

पुनर्भेटीची पद्धत

चेन्नई व इतर केंद्रांत वापरलेले वेळापत्रक असे होते : पहिला, दुसरा, चौथा, सातवा आणि अकरावा आठवडा; त्यानंतर चौथा, सहावा, बारावा आणि अठरावा महिना. सुरुवातीला दाट आणि पुढे विरळ, अशा या नऊ भेटी. रुग्ण प्रथम आला की त्याच दिवशी या नऊ तारखा केसपेपरवर लिहाव्यात आणि वेगळ्या डायरीत उतरवून ठेवाव्यात. "बरं वाटलं नाही तर या" हे आपले नेहमीचे वाक्य या रुग्णाला उपयोगाचे नाही. कारण ज्याला खरोखर बरे वाटत नाही, तोच येण्याचे टाळतो. त्याने यावे अशी वाट न पाहता आपण विचारावे, हाच या पद्धतीचा गाभा आहे.

पहिल्या भेटीत नातेवाइकांना काही वेळ बाहेर बसवून रुग्णाशी एकट्याशी बोलावे. घडले त्याचा जाब विचारू नये. "पोराबाळांचा तरी विचार करायचा होतास," असे बोलणे त्याने घरी शंभरदा ऐकलेले असते. त्याऐवजी सोप्या शब्दांत सरळ विचारावे, "मरणाचे विचार अजून मनात येतात का?" असे विचारल्याने विचार नव्याने मनात भरतो, हा समज चुकीचा आहे. उलट कोणीतरी उघडपणे विचारले, याने रुग्णाला मोकळे वाटते. विचार येतात असे उत्तर आले, तर ते कधी येतात, कशाने बळावतात, अशा वेळी कोणाजवळ जाऊन बसता येईल, कोणाला फोन करता येईल, हे त्याच्याकडूनच काढून घेऊन एका चिठ्ठीवर लिहून द्यावे.

फोन करण्यापूर्वी रुग्णाची संमती घ्यावी. फोन कोणाचा, तो कोण उचलते, कोणत्या वेळी मोकळेपणाने बोलता येते, हे आधीच विचारून ठेवावे. पुष्कळ घरांत सुनेचा फोन दुसरेच कोणी उचलते. अशा वेळी औषधापुरते बोलून थांबावे आणि तिला प्रत्यक्ष भेटीसाठी बोलवावे. वैद्याच्या फोनची एक सोय अशी, की तो कोणाला खटकत नाही. "दवाखान्यातून फोन केलाय, मामा. काढा चालू आहे ना? जेवण जातंय का? झोप लागते?" एवढ्याने सुरुवात होते. अग्नी, निद्रा आणि मलप्रवृत्ती यांची चौकशी करताना मनाची चौकशी ओघाने होते. पाच-सात मिनिटे पुरेशी असतात. शेवटी पुढच्या फोनची तारीख सांगावी आणि ती पाळावी. फोन लागला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावा.

औषध देताना पहिले तीन महिने सात दिवसांहून अधिक पुड्या एकदम देऊ नयेत. त्यामुळे पुनर्भेट आपोआप घडते आणि घरात औषधांचा साठाही होत नाही.

घरच्या माणसांशीही बोलावे. शेतातील फवारणीची औषधे, घरातील जुन्या गोळ्या व तत्सम वस्तू घराबाहेर किंवा कुलपात, विश्वासू माणसाच्या हाती असाव्यात, हे स्पष्ट सांगावे. घातक वस्तू सहज हाती न लागण्याने जीव वाचतात, हे अनेक देशांत सिद्ध झाले आहे. रुग्णाला सतत पहाऱ्यात ठेवणे आणि टोमणे मारणे हे मात्र दोन्ही टाळावे.

आपल्या मर्यादा

येथे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आरोग्य व्यावसायिकाच्या व्याख्येत मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर पदवीधारकांचा समावेश आहे, केवळ बी.ए.एम.एस. पदवीधारकांचा नाही. म्हणून हा संपर्क मनोविकारतज्ज्ञाच्या उपचाराला जोड म्हणून ठेवावयाचा आहे, त्याच्या जागी नव्हे.

रुग्ण आणि नातेवाईक आपल्याला हमखास विचारतात, "डोक्याच्या गोळ्या बंद करून तुमचंच औषध घेतलं तर चालेल का?" याचे उत्तर निःसंदिग्ध असावे : त्या गोळ्या ज्यांनी सुरू केल्या, त्यांनाच विचारल्याशिवाय एकही गोळी बंद अथवा कमी करावयाची नाही. मेध्य रसायनांवरील आपली श्रद्धा कितीही दृढ असली, तरी या प्रसंगी ती दाखवण्याचा मोह आवरावा. रुग्ण दुर्बल असताना शोधनकर्माची घाईही करू नये. गिळताना अडथळा, रक्ताची उलटी, श्वासाला त्रास किंवा स्नायूंत नव्याने अशक्तपणा दिसल्यास पाचन-दीपनात वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे.

मरणाचा निश्चय झाल्याचे, वेळ किंवा साधन ठरवल्याचे रुग्ण बोलला, तर त्याला एकटे सोडू नये. घरच्यांना बोलावून त्याच दिवशी सीपीआरमधील अथवा जवळच्या मनोविकार विभागात न्यावे. गुप्तता पाळणे हा आपला धर्म खरा, परंतु जीव धोक्यात असताना संबंधितांना सांगणे हेच कर्तव्य ठरते. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. शासनाची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक पुडीच्या पाकिटावर शिक्क्याने उमटवून ठेवण्यास खर्च येत नाही.

औषधालय चालकांसाठी

गल्लीतील माणूस औषधालयाच्या काउंटरवर वैद्याहूनही अधिक वेळा येतो. ठरलेली पुडी न्यायला एखादा रुग्ण आला नाही, तर वैद्यास कळवावे. औषध व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ अनुसूचीतील द्रव्ये असलेले कल्प, तसेच झोपेसाठीची औषधे, चिठ्ठीशिवाय किंवा मोठ्या प्रमाणात देऊ नयेत. एखादे अनोळखी, अस्वस्थ माणूस घाईने असे काही मागू लागले, तर त्याला बसवून पाणी द्यावे, दोन शब्द विचारावेत. आणि गिऱ्हाइकांसमोर कोणाच्याही प्रयत्नाची चर्चा दुकानात होऊ देऊ नये.

कायद्याची भीती

"आपण लक्ष घातले तर पोलिसांचे झेंगट मागे लागेल," ही शंका अजूनही ऐकू येते. प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे आणि, तसे नसल्याचे सिद्ध झाल्याखेरीज, तिच्यावर खटला चालवू नये, असे मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाचे कलम ११५ सांगते. पुन्हा तसा प्रसंग ओढवू नये यासाठी तिला उपचार व पुनर्वसन पुरवणे ही त्याच कलमाने शासनाची जबाबदारी ठरवली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत भारतीय दंड संहितेतील जुन्या कलम ३०९ सारखी सरसकट तरतूद उरलेली नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र कलम २२६ खाली अपराध आहे. बरे होत असलेल्या रुग्णाची फोनवर विचारपूस करणाऱ्या वैद्याने यात भिण्यासारखे काही नाही. हे रुग्णाच्या कुटुंबालाही समजावून सांगावे. त्यांच्या मनावरचे मोठे ओझे त्याने उतरते.

भाषेचीही काळजी घ्यावी. 'फसलेला प्रयत्न' किंवा 'नाटक' हे शब्द आपल्या तोंडून अथवा केसपेपरवर येऊ नयेत. ज्याला नाटक म्हटले जाते, त्यानेच पुढे जीव गमावल्याची उदाहरणे कमी नाहीत.

विनंती

आपल्यापैकी प्रत्येकाकडे वर्षभरात असे रुग्ण येतील ते थोडेच. एका रुग्णामागे नऊ फोन, प्रत्येकी पाच-सात मिनिटे, म्हणजे अठरा महिन्यांत फार तर तासभराचे काम झाले. आपल्या तालुका शाखांनी मासिक बैठकीत हा विषय घ्यावा, परिसरातील मनोविकारतज्ज्ञांस बोलावून त्यांचा परिचय करून घ्यावा आणि त्यांचे दूरध्वनी क्रमांक सभासदांना द्यावेत. बैठकीची वाट न पाहता करता येण्याजोगे एक काम आहे. गेल्या काही महिन्यांत असा एखादा रुग्ण आपल्या दवाखान्यात येऊन गेला असेल, तर त्याचा केसपेपर काढावा आणि आज त्याला फोन करावा, अशी सर्व वैद्य बंधु-भगिनींना आमची विनंती आहे.